खोकायची उशी

मी उशी बोलतेय. झोपताना डोक्याखाली घेतात तसली नव्हे, मी छातीशी धरायची उशी. लांबीला दोन वितींहून थोडी कमी, रुंदीला एक वीत, आणि भरलेली इतकी गच्च की माझ्यावर डोकं टेकून कुणी झोपलं तर सकाळी त्याची मान वाकडी झालेली असेल. माझ्या मालकिणीने माझं नाव ठेवलं होतं ‘खोकायची उशी’. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. माझ्या गोष्टीत हसण्याला फार मान आहे.

माझा जन्म तंजावुरातला. कीळवासल भागात अलमेलु नावाच्या बाईंचं गाद्या-उशांचं दुकान आहे. सावरीचा कापूस पिंजायचा, सरक्या काढायच्या आणि खोळीत भरायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पोंगलचा सण होऊन चारच दिवस झाले होते. दुकानासमोर अजून उसाची चिपाडं पडली होती. दुपारी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन दुकानात आला. त्याचं नाव श्रीहर्ष. तो ओरत्तनाडुच्या शेतकी कार्यालयात नोकरीला होता. मुलगी सहा वर्षांची, वयाच्या मानाने लहानखुरी. तिचं नाव वासुकी.

“काय हवं?” अलमेलुबाईंनी विचारलं.

श्रीहर्ष खिशातली चिठ्ठी शोधायला लागला. मग मुलगीच तमिळमधून घडाघडा बोलली, “मला खोकायची उशी हवी. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. माझ्या हार्टमध्ये भोक आहे, ते शिवून टाकणार. मग खोकलं की इथं दुखतं. तेव्हा उशी दाबून धरायची.”

अलमेलुबाईंचा कापूस भरणारा हात जागच्या जागी थांबला. “हे तुला कुणी सांगितलं, कण्णा?” लाडक्या लेकराला हाक मारावी तसं त्यांनी विचारलं.

“चेन्नईच्या सिस्टरने. तिने चित्र पण काढून दाखवलं.”

बाईंनी जास्त काही विचारलं नाही. त्यांनी वासुकीला समोर उभं केलं आणि टेपने नव्हे, स्वतःच्या हाताच्या वितीने तिच्या छातीचं माप घेतलं. मग मला भरायला घेतलं. थोडं भरायच्या आणि तिच्या हातात द्यायच्या, “दाबून बघ.” वासुकी मला कवटाळायची आणि म्हणायची, “अजून.” असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने मला सगळा जोर लावून दाबलं, मी काही दबले नाही, तेव्हा कुठे तिने मान डोलावली. अभ्रा तिनेच निवडला, जांभळ्या सुंगुडी कापडाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा. एक धुवायला टाकला तर दुसरा असावा म्हणून बाईंनी दोन शिवले.

अशी मी त्या घरात आले. घर मराठी माणसांचं, पण त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडल्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली. त्यांचं मराठी ऐकायला गंमत वाटते. शब्द जुने आणि चाल तमिळ. घरात सांबार-भाताची चर्चा मराठीत, भांडण तमिळमध्ये आणि हिशेबाच्या गोष्टी इंग्रजीत. वासुकीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती तमिळमधूनच द्यायची. याचा सगळ्यात जास्त राग तिच्या आजोबांना, म्हणजे सीतारामरावांना यायचा. तिथल्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना ताता म्हणे. ताता चौऱ्याहत्तर वर्षांचे, ओरत्तनाडुच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी नियमच केला होता की तमिळमधून विचारलं तर ताता बहिरे.

वासुकीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. बाहेरून काही दिसायचं नाही. फक्त खेळता खेळता ती इतर मुलांच्या आधी बसायची, वजन वाढायचं नाही आणि सर्दी एकदा झाली की महिनाभर मुक्काम ठोकायची. भोक मोठं होतं. पायाच्या शिरेतून तार घालून बंद करण्याजोगं नव्हतं. छाती उघडूनच काम करावं लागणार होतं.

सकाळच्या गाडीने आम्ही चेन्नईला निघालो. वासुकी, श्रीहर्ष, तिची आई कामाक्षी आणि मी. गुडघ्यांमुळे तातांना येता आलं नाही. गाडीत वासुकीने माझा सराव सुरू केला. मला कवटाळायची आणि जोरात खोकायची. पुन्हा कवटाळायची, पुन्हा खोकायची. कुंभकोणम यायच्या आत समोरच्या बाकावरची दोन माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली. कामाक्षी ओशाळून सांगायला लागली, “आजारी नाही हो ती, सराव करतेय!” त्यावर तर तिसराही उठला.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र मला आत नेलं नाही. दाराशी सिस्टर म्हणाली, “उशी बाहेर राहू दे. दोन-तीन दिवसांनी लागेल.” वासुकीने मला बापाच्या हातात दिलं आणि बजावलं, “अप्पा, खाली ठेवू नको. मळेल.”

श्रीहर्षने मला खाली ठेवलं नाही. पाच तास नाही. कामाक्षी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत देवाची नावं घेत होती. तंजावूरहून दर वीस मिनिटांनी तातांचा फोन यायचा, “काही कळलं का?” आणि श्रीहर्ष म्हणायचा, “अजून नाही.” तिसऱ्या फोननंतर त्याने मला छातीशी धरलं. मला जिच्यासाठी शिवलं होतं ती आत होती, आणि सरावाची नसलेली पहिली मिठी मला मिळाली ती तिच्या बापाची. तो खोकत नव्हता. पण त्याच्याही छातीत काहीतरी दुखत असणार, कारण तो मला पुन्हा पुन्हा दाबत होता.

दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, “भोक बंद झालं. सगळं व्यवस्थित आहे.”

श्रीहर्षने लगेच तातांना फोन लावला. कामाक्षीने विचारलं, “तिने काही खाल्लं का?”

सर्जनबाईंना हसू आलं. “अजून झोपलीय ती. उठली की आधी तुम्हालाच विचारेल.”

तिसऱ्या दिवशी वासुकीला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं आणि माझी नोकरी सुरू झाली. तिथे भरद्वाज नावाचा तरुण फिजिओथेरपिस्ट यायचा. त्याने मला तिच्या छातीवर ठेवलं आणि तिचे दोन्ही हात माझ्याभोवती गुंडाळले. “आता खोक.”

ती खोकली. उंदीर शिंकल्यासारखा आवाज आला. तिचे डोळे भरले. “उशी खोटारडी आहे. दुखलं!”

“थोडं दुखणारच,” भरद्वाज म्हणाला. “उशी न घेता करून बघतेस?”

वासुकी हट्टी. तिने मला बाजूला ढकललं आणि खोकायला गेली. पुढच्याच क्षणी ओरडून तिने मला असं ओढून घेतलं की माझी शिवण करकरली. त्यानंतर तिने मला कधी खोटारडी म्हटलं नाही.

भरद्वाजने आईबापांनाही शिकवलं. सहा आठवडे तिला काखेत हात घालून उचलायचं नाही, मधलं हाड जुळतंय. एक हात पाठीखाली, एक हात मांड्यांखाली, असं उचलायचं. श्रीहर्षने सराव माझ्यावर केला. खोलीभर तो मला तान्ह्या बाळासारखी घेऊन फिरला. वासुकी पलंगावरून सूचना देत होती, “अप्पा, तिचं डोकं लोंबतंय.” मला डोकं नाही हे तिने मान्य केलं नव्हतं.

निघताना भरद्वाजने प्लास्टिकचं एक उपकरण दिलं. तीन नळ्या, तिन्हींत एकेक रंगीत चेंडू. तोंडाने श्वास आत ओढला की चेंडू वर उडतात. “दिवसातून दहा वेळा,” तो म्हणाला. “फुप्फुसं नीट उघडली पाहिजेत. आणि खोकायला लाजायचं नाही.”

सातव्या दिवशी आम्ही तंजावूरला परतलो.

घरी तातांनी जय्यत तयारी केली होती. औषधांचं वेळापत्रक, झोपेचं वेळापत्रक, कोणी कधी भेटायला यायचं त्याचं वेळापत्रक. सगळं पट्टीने रेघा मारून. पहिला दिवस शिस्तीत गेला. दुसऱ्या दिवशी कामाक्षीचा भाऊ विश्वेश आला. विश्वेशमामा म्हणजे बोलता माणूस. त्याने आपल्या स्कूटरवर बसून कॉलेजपर्यंत गेलेल्या माकडाची गोष्ट सांगायला घेतली आणि वासुकी खदखदून हसली. हसली ती हसली आणि पाठोपाठ किंचाळली. मी तेव्हा तिच्या पायांशी पडले होते, तिच्या हाताला लागले नाही. टाके दुखावले, ती रडली, रडल्याने आणखी दुखलं.

झालं. संध्याकाळी फ्रिजवर तातांची पाटी लागली. शब्द मराठी, लिपी तमिळ, कारण घरात देवनागरी वाचता येणारे ते एकटेच. पाटीवर लिहिलं होतं, ‘पापाला कोणी हसवू नये.’ पापा म्हणजे इकडे लहान पोर, अर्थात वासुकी. खाली सही आणि तारीख.

माणसं एकदा घाबरली की किती मन लावून चुकतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम बंद झाले. शेजाऱ्यांना दारातच सांगण्यात आलं. विश्वेशमामा पुन्हा आला तेव्हा त्याला बोलायची मनाई होती. बिचारा पाव तास तोंड मिटून बसला, कॉफी प्यायला आणि नमस्कार करून गेला. कामाक्षी कुजबुजत बोलायची. श्रीहर्ष घरात शिरताना चपलासुद्धा हळू काढायचा. वासुकी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हसणं बंद, तसं बोलणंही बंद झालं, आणि खोकणंही. मला ती उराशी घेऊन झोपायची, पण दाबायची नाही. तिचा श्वास मला जाणवायचा. अगदी वरच्यावर यायचा, भिडस्त पाहुणा उंबऱ्यातूनच परत फिरावा तसा.

कामाक्षीने आणखी एक गोष्ट केली. वेदनेचं औषध एवढ्याशा जिवाला जास्त होईल म्हणून तिने ते निम्मं करून टाकलं. कुणाला विचारलं नाही. प्रेमाने केलं, आणि त्यामुळे पोरीला खोकायची आणखीच भीती बसली. तीन चेंडूंचं उपकरण टेबलावर धूळ खात पडलं.

पाटी लागल्यापासून चौथ्या दिवशी तिला बारीक ताप आला. श्वास भराभर चालायला लागला. श्रीहर्षने तिला शिकवल्याप्रमाणे पाठीखाली हात घालून उचललं आणि रिक्षाने डॉक्टर लक्ष्मीप्रियांकडे नेलं. मी होतेच. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढवला, चेन्नईला फोन लावला. मग खुर्ची ओढून कामाक्षीसमोर बसल्या.

“हृदय छान आहे. टाके छान आहेत. पण डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाहीय. पोरगी खोल श्वासच घेत नाही. औषध किती देताय?”

कामाक्षीने खाली मान घालून सांगितलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. “दुखतं म्हणून ती श्वास घेत नाही, आणि श्वास घेत नाही म्हणून ताप. लिहिलंय तेवढं औषध लिहिलेल्या वेळी द्या. ते दिलं की अर्ध्या तासाने व्यायाम. चालवा तिला, खोकू दे, ओरडू दे. तीन दिवस बघू. फरक पडला नाही तर दाखल करावं लागेल.”

 दाखल हा शब्द वासुकीला कळला होता. परतताना रिक्षात तिने माझ्या अभ्र्याचा कोपरा तोंडात धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध दिलं, सगळे अर्धा तास थांबले आणि कामाक्षीने ते उपकरण पुढे केलं. “एकदाच ओढ गे. अम्मासाठी.” वासुकीने तोंड फिरवलं. श्रीहर्षने गोष्ट सांगायचं आमिष दाखवलं. तिने डोळे मिटले. कामाक्षी पुन्हा विनवायला लागली, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून ताता उठले.

“आण इकडे ते यंत्र. एवढं काय अवघड आहे त्यात?”

ताता चेन्नईला आलेच नव्हते. भरद्वाजने काय शिकवलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि विचारून घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी ताठ बसून नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकर मारली. चेंडू हलले नाहीत. त्यांनी आणखी जोरात फुंकलं. गाल फुगले, कान लाल झाले, चष्मा नाकावरून घसरला. चेंडू ढिम्म. त्यांनी यंत्र उलटं केलं, हलवून बघितलं, टेबलावर आपटलं, बुडाशी काही लिहिलंय का ते वाचलं.

“हे बिघडलेलं आहे,” त्यांनी निकाल दिला. “श्रीहर्षा, कागद आण. कंपनीला पत्र लिहितों.”

आणि ते खरंच मजकूर सांगायला लागले, “महोदय, आपण पुरवलेलं यंत्र आज सकाळी सव्वानऊ वाजता तीन वेळा तपासलं असतां…”

पलंगावरून तमिळमधून आवाज आला. बारीकच, पण आला. “ताता, फुंकायचं नाही. ओढायचं.”

ताता बहिरे. नियम म्हणजे नियम. “…तपासलं असतां त्यांतला एकही चेंडू…”

वासुकीने एक हात माझ्याभोवती घातला, दुसऱ्याने पलंगाची कड धरली आणि ती उठून बसली. चार दिवसांत पहिल्यांदाच, कुणी न सांगता. आणि तिने आयुष्यातलं सगळ्यात लांब मराठी वाक्य एका दमात म्हटलं, “ताता, फुंकू नको, आंत ओढ, श्वास आंत ओढायचा, इळनीर कसं नळीने ओढतोस, तस्सं!”

इळनीर म्हणजे शहाळ्याचं पाणी. तातांचं ते रोजचं. ते थांबले. चष्मा वर सरकवला. “असं होय? मग तूच करून दाखव. मजला पुरावा पाहिजे.”

तिने नळी तोंडात घेतली. मला छातीशी दाबलं आणि श्वास ओढला. पहिला चेंडू थरथरत वर गेला.

“एकच?” ताता म्हणाले.

तिने पुन्हा ओढला. या वेळी माझ्यापर्यंत तिची छाती आली, फुगून, मला वर उचलत. दोन चेंडू.

मग तातांनी नळी धुऊन घेतली आणि स्वतः ओढलं. डोळे बाहेर यायची वेळ आली. दोन चेंडू वर गेले आणि तिसरा जरासा हलून बसला. “अडीच!” ताता विजयाने म्हणाले.

वासुकी बघतच राहिली. “अडीच नसतं!”

“कां नसतं? अर्धा हलला की.”

“चेंडू अर्धा नसतो, ताता! तू गणिताचा मास्तर आहेस की नाही?”

आणि तिला हसू फुटलं. खोलीतली तिन्ही मोठी माणसं जागच्या जागी गोठली. श्रीहर्षने हातही पुढे केला, हसू धरून ठेवायला निघाल्यासारखा. पण वासुकीचे दोन्ही हात माझ्याभोवती होते. ती हसत होती आणि मला दाबत होती, दुखतंय म्हणून चेहरा वाकडा करत होती आणि परत हसत होती. हसता हसता तिला खोकला आला. उंदराचा नव्हे, चांगला बुडापासून आलेला. एकदा, दोनदा, तीनदा. मी जीव तोडून धरून ठेवलं तिला. जे इतके दिवस आत अडून बसलं होतं ते कामाक्षीच्या रुमालात आलं.

कफ बघून टाळ्या वाजवणारं घर तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. कामाक्षी तो रुमाल घेऊन एकाच वेळी रडत आणि हसत होती. तातांनी फ्रिजवरची पाटी स्वतः काढली, तिच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. पुढे कित्येक दिवस ते सगळ्यांना सांगत राहिले की आपण मुद्दामच फुंकलं होतं. त्यावर विश्वास कुणीच ठेवला नाही. मी तर मुळीच नाही, मी ते कान जवळून पाहिले होते.

त्यानंतर रोज सकाळी नऊला आजोबा-नातीची शर्यत लागायची. दुपारी वासुकी मला बगलेत धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालायची, तातांचा गुडघा आणि तिची छाती एकाच वेगाने. तिसऱ्या दिवशी डॉक्टर लक्ष्मीप्रियांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, “उघडलं. दाखल करायची गरज नाही.” वासुकीने विचारलं, “अजून जोरात श्वास घेऊन दाखवू?” डॉक्टर म्हणाल्या, “दाखव.” तिने दाखवला, आणि टेबलावरचे कागद उडाले असं तिचं म्हणणं आहे. मी तिथे होते. एक कागद हलला.

एक गोष्ट मात्र अजून राहिली होती. कामाक्षीने वासुकीची जखम पाहिली नव्हती. पट्टी बदलायचं काम श्रीहर्ष करायचा. कामाक्षी तेवढ्यात नेमकी दूध बघायला जायची. मग एक दिवस डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली आणि श्रीहर्ष होता कार्यालयात. मी न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं आणि अर्धंअधिक दिसलं.

कामाक्षी तांब्याने कोमट पाणी घालत होती, मान मात्र दुसरीकडे.

“अम्मा,” वासुकी म्हणाली, “तू भिंतीला कां आंघोळ घालतेस?”

खरंच, पाणी भिंतीवर चाललं होतं. कामाक्षी थांबली. तांब्या खाली ठेवला. मग हळूच वळून तिने पाहिलं. गळ्याच्या खालपासून छातीच्या मध्यापर्यंत गुलाबी रेघ. 

“किती सरळ आहे गे,” शेवटी ती म्हणाली.

“डॉक्टरांनी पट्टी ठेवून मारली असेल,” वासुकी म्हणाली. “तातासारखी.”

कामाक्षीने त्या रेघेच्या शेजारी, अगदी न दुखेल असं, एक बोट टेकवलं. मग तांब्या उचलला. त्यानंतरचं पाणी सगळं मुलीच्या अंगावर पडलं.

सहा आठवड्यांनी वासुकी शाळेत जायला लागली. पहिले आठ दिवस मीही गेले. मधल्या सुट्टीत पोरांनी मला आळीपाळीने कवटाळून खोकून पाहिलं. आख्खा वर्ग खोकतोय हे ऐकून शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या. वासुकीने त्यांना शांतपणे सांगितलं, “कुणी आजारी नाही मिस, शिकवतेय.” नंतर मी घरीच राहायला लागले. आधी पलंगावर, मग कपाटावर, मग मोटारीत. सीटचा पट्टा छातीला रुतू नये म्हणून तो आणि ती यांच्या मध्ये मला ठेवायचे. कामं कमी होत गेली. मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण उशीसारखी उशी असून मी एवढं जाणून होते की माझं काम संपण्यासाठीच मला शिवलं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला आडी महिन्याचा अठरावा दिवस आला. त्या दिवशी इकडे कावेरीची पूजा करतात. धरणातून पाणी सुटलेलं असतं, नदी भरून वाहते, बायका काठावर दिवे लावतात आणि सगळी घरं चिंचेचा, लिंबाचा, खोबऱ्याचा भात डब्यांत भरून नदीवर जेवायला जातात. आमचं घर तिरुवैयारुला गेलं. गाडीतून उतरताना वासुकीने सवयीने मला हातात घेतलं आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून ती माझ्या शेजारी बसली.

वरच्या अंगाला मुलं पकडापकडी खेळत होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग उठली.

“हळू!” श्रीहर्ष ओरडला.

“पळू दे रे,” ताता म्हणाले. “सहा महिने झाले. डॉक्टरांनी सांगितलंय पळू दे म्हणून.”

ती पळाली. तिला कुणी पकडेना. मग तिच्यावर राज्य आलं तेव्हा तिने दोघांना पकडलं. परत आली तेव्हा चेहरा लालबुंद, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि हवा मोठमोठे घोट घेऊन प्यावी तशी ती श्वास घेत होती. आईने दिलेला चिंचेचा भात तिने उभ्याउभ्याच खाल्ला, आणखी मागितला, हात धुतले आणि तातांचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवत वर घेऊन गेली. गाडीचं दार वाजलं. गाडी गेली.

मी तिसऱ्या पायरीवरच होते.

हाक मारता आली असती तर मी मारली असती. मोठ्या मनाच्या उशा पुस्तकात असतील. पण नंतर, ऊन उतरायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की जी मुलगी मला जेवताना, झोपताना, न्हाणीघराच्या दारापर्यंत सोबत नेत होती, ती आज अख्खा दिवस खेळली आणि तिला माझी एकदाही आठवण झाली नाही. अलमेलुबाईंना हे कळलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या. मग मीही झाले.

घाटाच्या तोंडाशी एक म्हातारी फुलं विकायला बसते. सगळे तिला पाट्टी म्हणतात, म्हणजे आजी. तिने मला उचललं, झटकलं, संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, “कुणाची रे?” दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशी तिची कंबर फारच धरली होती, तेव्हा तिने मला पाठीमागे, भिंतीच्या आणि आपल्या मध्ये घेतलं. गच्च भरलेली असल्याचा असाही उपयोग होतो. आता माझा जांभळा रंग विटलाय, ठिपके पुसट झालेत, आणि मला मोगऱ्याचा वास येतो.

बसल्या बसल्या विचार येतात. तुमच्या घरी छाती शिवलेलं लेकरू आलं, तर एवढं करा. माझ्यासारखी एक उशी शिवून द्या, मऊ नको. औषध डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्या, कमीही नको. आणि घरातला सगळ्यात हट्टी माणूस त्या लेकराच्या जवळ बसवा. हसू बंद करू नका. हसू दुखतं, मला माहीत आहे, मी ते धरलंय. पण ते दुखणं घर सहन करू शकतं.

मागच्या रविवारी ते सगळे पुन्हा आले. वासुकी आता उंच झालीय, पुढचे दोन दात पडलेत. ताता हार निवडत होते आणि ती पाट्टीच्या टोपलीत डोकावत होती. एकदम ती थांबली. वाकून तिने पाट्टीच्या पाठीमागे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

पाट्टीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, “तुझी आहे काय ग, पापा? घे, घे. मी सगळ्यांना विचारत होते.” आणि कंबर सावरत ती मला काढायला लागली.

वासुकीने हात पुढे केला. माझ्या कोपऱ्यावरून एकदा फिरवला. मग मला परत पाट्टीच्या पाठीशी सरकवलं, थोडं खाली, जिथे कंबर दुखते तिथे.

“होती,” ती म्हणाली. “आता तुमची.”

आणि ती नदीकडे पळाली. ताता मागून ओरडले, “थांब गे, मी येतों!” ती थांबली नाही.

बरं, आता पुरे करते. गिऱ्हाईक आलंय, आणि पाट्टीला ताठ बसायचंय.